बगळे विरुद्ध ऑक्टोपस: रक्ताची डर्बी

६ एप्रिल, शनिवार

आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. मोठं काम हाती घेतलं की नोंद हवी, नाहीतर पुढे श्रेय भलत्यालाच जातं.

गुनसान हेरॉन्स फॅन क्लबचा समाजकार्य विभाग आज स्थापन झाला. सेक्रेटरी: मी, मेंग गाराम. बाकीचे सदस्य यथावकाश. अध्यक्ष प्यो काका म्हणाले, विभाग काढ बाई, पण मीटिंगला माझं सलून हवं असेल तर गिऱ्हाईक नसताना ये. हरकत नाही. गिऱ्हाईक नसतंच.

योजना अशी. रक्त दिलं की आपल्याला कार्ड मिळतं. ते कार्ड आपण दुसऱ्या पेशंटला देऊ शकतो, आणि त्याचा रक्ताचा खर्च कमी होतो. ग्वांगजूच्या मुलांच्या हॉस्पिटलात अशी कार्डं घेतात. पाच मेला बालदिनाची बेसबॉल मॅच: आमचे हेरॉन्स, म्हणजे बगळे, विरुद्ध मोकपोचे ऑक्टोपस. तोवर दोन्हीकडच्या फॅन्सनी कार्डं जमवायची. ज्यांची कमी, त्यांच्या सेक्रेटरीने दुसऱ्यांचं गाणं भर स्टेडियममध्ये माइकवर म्हणायचं. ही अट मी सुचवली. ऑक्टोपसवाल्यांचा सेक्रेटरी म्हणजे त्यांचा ढोलवाला ओक ताए-गॉन. आवाज फाटक्या पत्र्यासारखा. मजा येईल.

सेबॉम त्याच हॉस्पिटलात आहे. माझी धाकटी बहीण, चौथीतली. रक्ताचा कॅन्सर. हिवाळ्यापासून आई तिच्याजवळ आहे, पलंगाखालून ओढायच्या बुटक्या खाटेवर झोपते. वॉर्डात घरचं एकच माणूस राहू शकतं, म्हणून मी जात नाही. नियम आहे. लिहून ठेवते, उगाच गैरसमज नको.

मला काही वाटत नाही. रडू नाही, काही नाही. खंबीर आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट असण्याचा हा फायदा.

९ एप्रिल, मंगळवार

पोस्टर तयार. सेबॉमचा शाळेतला फोटो, दोन वेण्या, डोक्यावर हेरॉन्सची टोपी. बाजूला रक्ताचा भला मोठा लालभडक थेंब. खाली मजकूर: 'बगळे देतात. ऑक्टोपस?' स्वतःच बराच वेळ पाहत बसले. परिणामकारक आहे.

बाबा बर्फाच्या कारखान्यातून आले. पोस्टर लांब धरून बघितलं आणि म्हणाले, ग्रॅज्युएट, झकास आहे गं. मग म्हणाले, आई विचारत होती, रविवारी येशील का. माणूस बदलता येतं म्हणे, सकाळी आत गेलेल्याने संध्याकाळी बाहेर यायचं. ती जरा घरी येऊन अंग धुवून घेईल.

रविवारी बेकरीसमोरच्या रांगेत पत्रकं वाटायची आहेत. ती रांग फक्त रविवारीच एवढी लांब असते. बाबांना समजावलं. ते म्हणाले, हं.

१० एप्रिल, बुधवार

शाळेतून फोन. सेबॉमच्या वर्गात घालायच्या चपला घेऊन जा, कप्पा दुसऱ्या मुलीला द्यायचा आहे. कामात होते. बाबांनी आणल्या. दाराशी ठेवल्या आहेत. मी त्यांना वळसा घालून जाते, कारण कॉरिडॉर अरुंद आहे.

१३ एप्रिल, शनिवार

नेत्याने आधी स्वतः करून दाखवावं. रक्तदान केंद्रात गेले. बोटाला टोचलं, थेंब घेतला. नर्स म्हणाली, ताई, तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे, घेता येणार नाही. नीट जेवता का? जेवते की. काल काय जेवले ते तिने विचारलं. आठवलं नाही. गोष्टी लक्षात ठेवण्याइतका वेळ नसतो.

तिने ज्यूस दिला, चॉकलेटचा केक दिला, जबरदस्तीने बसवलं. दोन्ही संपवलं. इच्छा पूर्ण होती, तयारी पूर्ण होती, बोटही टोचलं गेलं. तत्त्वतः मी रक्त दिलं असंच म्हणावं लागेल.

कार्ड मिळालं नाही.

१७ एप्रिल, बुधवार

मोकपोवाल्यांनी आव्हान स्वीकारलं. ढोलवाल्या ओकने त्यांच्या फॅन्सच्या ऑनलाइन बोर्डवर लिहिलंय: 'बगळ्यांनो, सीझनभर आम्हाला रन देता, आता रक्त द्यायचीही हौस आली का? या. आम्हाला आठ हात आहेत, आठांतही सुई टोचून घेऊ.' खाली त्यांचे लोक खिदळताहेत.

मी संयमी उत्तर लिहिलं: 'ऑक्टोपसचं रक्त निळं असतं. माणसाला चालत नाही.' शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. तरी त्यांना राग आला नाही. उलट एकाने लिहिलं, सेक्रेटरीताई हुशार दिसतात, आमच्याकडे या. असल्या माणसांशी वाद घालणं कठीण.

आईचा फोन आला होता. रविवारचं विचारत होती. मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. मागून सेबॉमचा आवाज आला, ताई आहे का? लाइन खराब होती, ठेवावा लागला.

२० एप्रिल, शनिवार

आज मोठा दिवस. होम मॅच. स्टेडियमबाहेर रक्तदानाची बस उभी केली. बॅनर माझा. हेरॉन्सचे पन्नासेक फॅन्स बॅनरसमोर उभे राहिले, मुठी वर, फोटो उत्तम आला.

फोटोनंतरचा तपशील: प्यो काका म्हणाले, मी सुईला घाबरत नाही गं, सुईकडे बघितलं की पाय आपोआप घराकडे वळतात, त्याला मी काय करणार. रश्शाच्या गाड्यावरच्या मावशी म्हणाल्या, माझं ब्लडप्रेशर तुमच्या टीमनेच वाढवलंय, डॉक्टर नको म्हणतात. कॉलेजच्या पोरांनी दुपारीच बिअर घेतलेली, त्यांना बसवाल्यांनीच परत पाठवलं. एकूण रक्त एकाच माणसाने दिलं. तो शौचालय कुठे आहे विचारायला बसमध्ये चढला होता. डेजॉनचा होता. कुठल्याच टीमचा नव्हता.

पण वातावरणनिर्मिती झाली. पहिल्या टप्प्यात तीच महत्त्वाची.

मॅच हरलो. घरी येऊन भात गरम केला. मीठ नसावं त्यात. चव लागली नाही.

२४ एप्रिल, बुधवार

सकाळी आईचा फोन. बोलली थोडंच. सेबॉमच्या प्लेटलेट खाली गेल्यात. प्लेटलेटमुळे रक्त थांबतं, त्या नसल्या की वाहतच राहतं. तिच्या नाकातून सकाळपासून येतंय, टॉवेल धरून बसली आहे. रक्तपेढीत सध्या कमतरता आहे. आपणच ए गटाची माणसं शोधायची, त्यांनी केंद्रात जाऊन सेबॉमचा पेशंट नंबर सांगायचा आणि तिच्या नावाने द्यायचं. आई म्हणाली, तुझे एवढे लोक आहेत ना, सांग त्यांना.

ताबडतोब कामाला लागले. नवीन पोस्टर, तसाच लाल थेंब, 'तातडीचे' असं मोठ्या अक्षरांत. हेरॉन्सच्या ग्रुपवर टाकलं, खाली माझा नंबर. एका तासात रडक्या चेहऱ्यांची रांग लागली, जोडलेले हात, लाल बदामही. सगळे सोबत आहेत. ए गटाचं विचारलं तर म्हणे, ऑफिस आहे, शनिवारी बघू.

दुपारपासून मोकपोच्या कोडवरून फोन सुरू. पोस्टर त्यांच्या बोर्डवर कुणी नेलं देव जाणे. पहिला माणूस म्हणाला, बाई, पोरीचा पेशंट नंबर काय? मी लगेच ओळखलं. गेल्या वर्षी डर्बीच्या आदल्या दिवशी याच लोकांनी आईच्या खेकड्यांच्या दुकानात दिवसभर फोन केले होते: मावशी, ऑक्टोपस आहे का? ताजा आहे का? तुमच्या टीमला घाबरवायला हवाय. आई बिचारी प्रत्येकाला सांगत होती, बाळा, आम्ही फक्त खेकडे विकतो.

मी म्हटलं, ऑक्टोपस संपले, आणि ठेवला. दुसऱ्यालाही तेच. तिसरी एक बाई होती, म्हणाली, अहो, मी केंद्राच्या दारात उभी आहे. आवाज अगदी खराखुरा काढला होता. चांगली नटी आहे. मग मी मोकपोचा सगळा कोडच ब्लॉक केला.

पेशंटची माहिती जपणं ही सेक्रेटरीची जबाबदारी. कॉलेजच्या अभ्यासक्रमात होतं.

२५ एप्रिल, गुरुवार

आजही प्लेटलेट मिळाल्या नाहीत. बाबा ओ गटाचे. आई ए, पण दोन बाळंतपणं झालेल्यांच्या घेत नाहीत. मी ए, पण माझं हिमोग्लोबिन तसं. हेरॉन्सच्या ग्रुपवर आणखी बदाम.

आई म्हणाली, नर्स विचारत होती, मोकपोहून कुणीकुणी चौकशी केली म्हणे, मग परत का गेले? मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, गाराम, काय बघतेस?

काही वाटलं नाही. कपडे धुवायला टाकले. धुणं संपल्याचं मशिनचं गाणं वाजलं, पुन्हा वाजलं. उठले नाही. सूर चांगला आहे त्याचा.

२६ एप्रिल, शुक्रवार

सेबॉमला प्लेटलेट चढल्या. नाक थांबलं.

झालं असं. तिनेच आईच्या फोनवरून ऑक्टोपसच्या बोर्डवर खातं उघडलं आणि लिहिलं:

'मी मेंग सेबॉम, चौथी. ए गट. मला प्लेटलेट हव्या आहेत. मी बगळ्यांची आहे. तरी चालेल का?'

खाली तिचा पेशंट नंबर. त्याखाली ढोलवाल्या ओकचं उत्तर: 'चालेल की. तू बरी हो फक्त, मग स्टेडियमवर ये, तुला रडवून पाठवतो.' त्याखाली एकामागून एक माणसं. मी गाडी काढली. मी निघालो, शिफ्टमधून सुटलो. ए गटाची भावजय घेऊन येतोय, ती बगळ्यांना शिव्या देते, पण रक्त चांगलं आहे. ती दारात उभी राहिलेली बाईही होती. तिने लिहिलंय, मी परवापासून इथेच आसपास आहे, माझ्या बहिणीकडे राहिले.

पोस्टला समाजकार्य विभागाची मंजुरी घेतली नव्हती. शिवाय पेशंट नंबर असा जाहीर टाकणं धोक्याचं. सेबॉमला हे समजावून सांगायला हवं. फोनवर नको. प्रत्यक्ष.

एकंदरीत माझ्या मोहिमेमुळेच वातावरण तयार झालं होतं.

२८ एप्रिल, रविवार

आज जाणार होते. बसस्टँडवर गेलेही. ग्वांगजूची बस समोर लागली. तेवढ्यात लक्षात आलं की शिंक आली होती. एकच, पण शिंक ती शिंक. वॉर्डातल्या मुलांना साधी सर्दीही सोसत नाही. अशा वेळी आत जाणं हा गुन्हाच. परत आले.

बाबांना सांगितलं. ते दाराशी चपला सारख्या करत होते, म्हणजे सेबॉमच्या. म्हणाले, ग्रॅज्युएट, ती तुला शिंकेचं विचारत नाही, तुझं विचारते. मग टोपी घालून शिफ्टला गेले.

संध्याकाळपर्यंत दुसरी शिंक आली नाही. औषधाविना बरी झाले. प्रतिकारशक्ती चांगली आहे.

२ मे, गुरुवार

कार्डांची स्थिती: एका पाकिटात मावतात. त्यातलं एक त्या डेजॉनवाल्याचं. प्यो काकांनी एक आणलं, मी भारावले. मग कळलं, ते त्यांच्या मेव्हण्याचं आहे आणि मेव्हणा ऑक्टोपसवाला आहे.

पण शेवटच्या दोन दिवसांतच बहुतेक लोक जागे होतात. अभ्यासाच्या बाबतीत माझंही तसंच होतं. जिंकणार. गाण्याची चिंता नाही. ओकला माइक कुठे द्यायचा ते ठरवून ठेवलंय.

५ मे, रविवार, बालदिन

स्टेडियम खच्चून भरलं. पोरंच पोरं, खांद्यावर, कुंपणावर, सगळीकडे.

पाचव्या इनिंगनंतर मैदानावर कार्यक्रम. मी पाकीट घेऊन गेले. ओक पिशवी घेऊन आला, बाजाराची, चेन लागत नव्हती म्हणून वरून दोरीने बांधलेली. हॉस्पिटलच्या बाईंनी आधी पाकीट घेतलं, मग पिशवी दोन्ही हातांनी घेतली. मोजायची गरज कुणाला वाटली नाही.

मी गायले. ऑक्टोपसचं गाणं, पूर्ण, तिन्ही कडवी. आठ हात, आठ हात, पकडला की सुटका नाही. हात वरखाली करायचे असतात, तेही केले. त्यांची सगळी बाजू उभी राहिली. बहुधा आदराने. आमच्या बाजूने पाण्याची एक बाटली आली, पण रिकामी होती.

खाली उतरताना ओक ढोल सावरत जवळ आला. म्हणाला, सेक्रेटरीताई, सुराचं राहू दे, बहिणीला भेटून आलीस का? मी म्हटलं, या सगळ्याच्या व्यापात कुठे. तो म्हणाला, हो, तेच. ती रोज आमच्या बोर्डवर लिहिते. कुणी विचारलं, घरचं कोण कोण येतं, तर म्हणते, ताईचं काम फार मोठं आहे, म्हणून तिला येता येत नाही. आमच्यातल्या कुणी काही बोललं तर त्याच्याशी भांडते. चांगली तयार केलीस पोरगी.

खरंच आहे ते. काम मोठंच आहे.

मॅच हरलो. किती फरकाने ते बघितलं नाही. सीटखाली पडलेले कागद गोळा केले. ते कुणी सांगितलं नव्हतं.

६ मे, सोमवार

दिवसभर झोप. उठून पुन्हा झोप. मोहिमेनंतर कार्यकर्त्याला थकवा येतो. काहीच वाटत नाही, हे चांगलं लक्षण असावं.

बाबा भात ठेवून गेले. त्यात मीठ होतं की नाही सांगता येणार नाही.

आईचा मेसेज: 'परवा आईबाबांचा दिवस. यंदा फुलं नकोत. मला एक दिवस दे.'

उत्तर लिहिलं: अहवाल पूर्ण करायचा आहे. पुसलं. लिहिलं: शिंक. पुसलं. 'बरं' लिहिलं. गेलं.

८ मे, बुधवार, सकाळी, बसमध्ये

जाते आहे. नेतृत्वाने प्रत्यक्ष पाहणी करणं आवश्यकच असतं. सोबत बॅनरची गुंडाळी, सेबॉमला दाखवायला. बसमध्ये सगळ्या आजोबांच्या कोटांवर लाल फुलं. ड्रायव्हरच्याही. उतरणार नाही असं मधे दोनदा वाटलं, पण बस थांबली तेव्हा मागचे लोक ढकलत होते, उतरले.

८ मे, दुपार

दाराशी ताप बघितला, मास्क दिला, अंगावर झगा घातला, कोपरापर्यंत हात धुवायला लावले. बॅनर बाहेरच ठेवायला सांगितला. त्यावर धूळ असते म्हणे.

खोलीत चार पलंग. सेबॉम नव्हती. पुन्हा बघितलं. नर्सला सांगितलं की माझी बहीण या खोलीत नाही, चुकीची खोली दिली आहे तुम्ही. तेवढ्यात खिडकीजवळचं टकलं पोरगं म्हणालं, ताई, मी आहे.

आई खाटेवरून उठली. माझ्याकडे बघितलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि अंग धुवायला गेली. जाताना माझी कॉलर नीट केली.

सेबॉम म्हणाली, बस ना. मी बसले. ती म्हणाली, गाणं बघितलं मी, तीन वेळा बघितलं. आमच्या खोलीतल्या सगळ्यांना दाखवलं. हात उलटे करत होतीस तू. आणि हसली. तिच्या ओठाला चीर आहे, ती हसली की दुखते, म्हणून ओठावर हात धरून हसते. हे मला माहीत नव्हतं.

मग नर्स आली आणि स्टँडवर एक पिशवी टांगून गेली. आतलं पिवळं होतं. गढूळ, जुन्या तेलासारखं. नळीतून थेट सेबॉमच्या छातीकडे निघालं. मी घंटा दाबली. दाबूनच धरली. दोन नर्स धावत आल्या. मी म्हटलं, तुम्ही काय चढवताय हिला, हे रक्त नाही, हे खराब झालंय, ताबडतोब काढा. आवाज चढला असावा, कारण शेजारचं लहान मूल रडायला लागलं आणि त्याची आई उठून उभी राहिली.

नर्स बघत राहिली माझ्याकडे.

सेबॉम हळूच म्हणाली, ताई, प्लेटलेट पिवळ्याच असतात.

नर्सने पिशवीवरचं लेबल दाखवलं, प्लेटलेट लिहिलेलं, ए लिहिलेलं. मग गेली. शेजारच्या बाईंनी पडदा ओढला. सेबॉम म्हणाली, पोस्टरवर तू लाल काढलं होतंस ना, तेव्हाच सांगणार होते. पण तू कामात होतीस. आणि पोस्टर छान होतं. आम्ही इथे याला ऑक्टोपसचा रस म्हणतो. त्यांची जर्सी पण पिवळीच आहे ना. आधी वाईट दिसतं, मग नाही दिसत. तू आधी आली असतीस तर तुलाही नसतं दिसलं.

तिने हे चिडून म्हटलं नाही. नुसतं सांगितलं.

अहवालात काय लिहायचं ते सुचत नाही.

८ मे, नंतर. डाव्या हाताने.

अक्षर असं आहे कारण उजवा हात सेबॉमच्या मानेखाली आहे. झोपली. पिशवी अर्धी झाली.

मुंग्या आल्या होत्या. आता त्याही गेल्या. हात आहे की नाही कळत नाही.

आई दाराच्या काचेतून म्हणाली, बाहेर ये, मी आले, दमली असशील. मी मान हलवून नाही म्हटलं.

काढला तर ती जागी होईल.